गाव म्हणतं म्हणजे कोण म्हणतं?

मुंबई,
१२ ऑगस्ट २०२३

तात्या,

तुम्हाला आणि काकीला नमस्कार. नीट पोचले. विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली मिळाली. खोलीत नांदेडची सारिका नावाची मुलगी आहे आणि खिडकीबाहेर करंजाचं झाड. करंजकोंडातून निघाले ती करंजापाशीच आले म्हणायची.

पत्र लिहिताना पाहून इथल्या मुली विचारतात, आजकाल पत्र कोण लिहितं? मी सांगते, माझे आई-बाबा कामासाठी सुरतेला गेले तेव्हापासून मला चुलत्यांनी वाढवलं. चुलते बॉयलरच्या कारखान्यात उभी हयात लोखंड ठोकत होते, त्यात त्यांचे कान गेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. काकीला लिहायला येत नाही. आणि आमच्या वाडीत रेंज हवी तर खिंडीत जाऊन उभं राहावं लागतं. हे ऐकून एकजण म्हणाली, किती सुंदर! यात सुंदर काय ते मला कळलं नाही, पण मी मान डोलावली. इथे मी बरीच मान डोलावते.

पहिल्या दिवशी ललिता मॅडमनी प्रत्येकाला गाव विचारलं. मी पोलादपूर म्हटलं. कुणाला ठाऊक नाही. मग म्हटलं, आंबेनळी घाट चढून गेलं की महाबळेश्वर, त्याच्या अलीकडे. तर सगळे म्हणाले, अच्छा, महाबळेश्वर! म्हणजे मी आता थंड हवेच्या ठिकाणची झाले. काकीला सांगा, हसेल.

समाजशास्त्राचा अभ्यास छान चाललाय. सगळं ठीक आहे. काळजी करू नका.

तुमची,
अंकिता


करंजकोंड,
६ ऑक्टोबर २०२३

चि. अंकी,

तात्याचा आणि येसूचा आशीर्वाद. तुझं पत्र मुरारी पोस्टमननं आणून दिलं त्याला महिना होऊन गेला. हात रिकामा नव्हता. हळवा भात कापून झाला, गरवा अजून उभा हाय.

कान गेल्यापासून आमचं दोघांचं खुणेनंच चालतं, तसं समाजशास्त्र म्हणजे काय ते येसूला खुणेनं सांगायला गेलो. जमेना. शेवटी दोन्ही हात पसरून 'सगळी माणसं' असं दाखवलं. तिनं कपाळाला हात लावला. एका माणसाबरोबर राहून तिचं डोकं पिकलंय, तू सगळी माणसं शिकायला गेलीस!

इकडची खबर अशी, की गोठ्यामागची भेग या पावसात आणखी रुंद झाली. तहसीलातले साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, डोंगर भरवशाचा नाय, अख्खी वाडी खाली रस्त्याकाठच्या माळावर हलवा. शेजारच्या ओंकारनं मला पाटीवर लिहून दाखवलं. साहेब बोलत होते तेव्हा येसू पदर तोंडाला लावून सारखी मान हलवत होती, डोळे भरलेले. मी काय ते समजलो. लग्न होऊन आली ती याच उंबऱ्यात. मी साहेबाला सांगितलं, माझी बायको मेली तरी खाली येणार नाय, आणि ती नाय तर मीबी नाय. गाव म्हणतं तात्या बोलतो तेच बरोबर.

आता दुसरी गोष्ट. गणपती झाल्यावर मुरारीला तू पोलादपूरच्या स्टँडवर दिसलीस. बॅग मांडीवर घेऊन बसली होतीस. तो हाक मारणार तोच उठून मुंबईच्या गाडीत चढलीस. येसूला मी हे सांगितलेलं नाय. घराच्या एवढ्या जवळ येऊन परत का गेलीस? काय झालं गो?

तात्या


मुंबई,
१६ ऑक्टोबर २०२३

तात्या,

मुरारीकाकांची नजर चांगलीच म्हणायची.

मागच्या पत्रात 'सगळं ठीक' लिहिलं, ते ठीक नव्हतं. इथे सगळं इंग्रजीत चालतं. वाचायचं कसंबसं जमतं, शब्दकोश उशाशी घेऊन बसते. पण वर्गात सगळे बोलतात. प्रत्येकाला काही ना काही वाटत असतं आणि तो ते पटकन सांगून टाकतो. मलाही वाटतं, तात्या. पण मला मराठीत वाटतं. त्याचं इंग्रजी होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

गणपतीआधी मला वर्गासमोर एक निबंध मांडायचा होता. पाठ करून गेले, घडाघडा म्हणून टाकला. मग एका मुलाने प्रश्न विचारला. वाईट हेतूने नाही, साधाच. मला प्रश्नच कळला नाही. मी उभी राहिले, मान डोलावली आणि खाली बसले. त्याने 'हो की नाही' विचारलं नव्हतं ना! मागे कुणीतरी हसलं. त्यानंतर मी वर्गात गेलेच नाही, आणि एक दिवस बॅग भरली.

स्टँडवर आपल्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा होता. म्हणाला, चल की, बस. मला काकी डोळ्यांपुढे आली. तिने काही विचारलं नसतं, चहा टाकला असता आणि माझी गोधडी उन्हात घातली असती. तेच मला सोसलं नसतं. म्हणून मुंबईची गाडी पकडली.

तात्या, मी दिवाळीला बहुतेक सगळं सामान घेऊनच येईन. तुम्ही रागावू नका.

अंकिता


करंजकोंड,
३० ऑक्टोबर २०२३

गो अंके,

रागावू कशाला?

मी कारखान्यात लागलो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. फोरमन गुजराती, हुकूम हिंदीत, शिव्या इंग्रजीत. मला फक्त शिव्या कळायच्या, कारण त्या रोज त्याच. बाकी काय कळायचं नाय. माझ्या जोडीला आपल्या महाडचा महादू होता. तो म्हणायचा, सायबाच्या तोंडाकडं बघू नको, हाताकडं बघ, काम हातात असतंय. मी तसं करू लागलो. पुढं कान गेले तेव्हा तीच सवय कामी आली, त्यामुळं मला कुणी कामावरून काढलं नाय.

तुझं काम तोंडाचं हाय, हाताचं नाय, एवढं मला कळतं. मग तुला मराठीत वाटतं तर मराठीत बोल. कोण फाशी देतंय? त्या मॅडमला मराठी येत नाय काय?

यायचं तर ये. भात हाय, घर हाय. फक्त रडत येऊ नको. रडत आलीस तर येसू तुला परत जाऊ देणार नाय. चिडून ये. चिडून आलीस तर चार दिवसांनी आपणच परत जाशील.

येसूनं पोह्याचे पापड केलेत. ते न्यायला तरी यावंच लागेल.

तात्या


मुंबई,
८ मार्च २०२४

तात्या,

दिवाळीत आले आणि रिकाम्या बॅगेत पापड भरून परत गेले, त्यानंतर पत्र नाही म्हणून तुम्ही वैतागला असाल. पण सांगण्यासारखं आत्ता कुठे झालं.

जानेवारीत वर्गात एक चर्चा होती, धरणं, रस्ते, दरडी यांच्यामुळे गावं हलवतात त्यावर. सगळे पुस्तकातलं बोलत होते. मी हात वर केला आणि मराठीत सुरू झाले. भेग, साहेब, माळ, सगळं सांगितलं. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मला वाटलं, संपलं आता. तर ललिता मॅडमनी मराठीतच विचारलं, "मग गाव काय म्हणतं?"

मी म्हटलं, "गाव म्हणतं, आम्ही हलणार नाही."

"गाव म्हणतं म्हणजे कोण म्हणतं?"

मी म्हटलं, "आमचे तात्या."

वर्ग हसला. मीही हसले, यावेळी मनापासून. पण खोलीवर आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आपल्या वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला. पावसाळाभर तिथे राहतात त्या बायका. त्यांना कुणी विचारलंय का? मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, मग तूच विचार. तर माझ्या प्रबंधाचा विषय ठरला: वाडी हलवण्याबद्दल बायका काय म्हणतात. मे महिनाभर येऊन घरोघर बसणार आहे. आता वर्गात मी मोडक्या इंग्रजीत आणि धडक्या मराठीत बोलते. सारिकाही बोलते. आणखी तिघंजण आमच्या पंगतीला आले.

सारिकावरून आठवलं. तिच्या घरचे दरवर्षी वीस मार्चला नांदेडहून चवदार तळ्यावर येतात. मला म्हणाली, तू महाडला कॉलेज केलंस आणि त्या दिवशी एकदाही तळ्यावर गेली नाहीस? मी म्हटलं, घरची माणसं सांगायची, त्या दिवशी बाजारात जाऊ नको, गर्दी असते.

"आम्हाला गर्दी म्हणायचे होय!" ती म्हणाली. हसतच म्हणाली. यंदा मी तिच्याबरोबर जातेय. रेल्वेने वीर स्टेशनला उतरू, रिक्षाने महाड, तळ्यावर तिच्या आजीला भेटू आणि दुसऱ्या दिवशी दोघी वर येऊ. काकीला सांगा, सारिकाला तिखट चालतं.

अंकिता


करंजकोंड,
३० मार्च २०२४

चि. अंकी,

पोरी आल्या नि गेल्या, घर सुनं झालं. सारिका येसूच्या बरोबरीनं जात्याला बसली. नाचणी कमी आणि हसणं जास्त दळलं. मला ऐकू येत नाय, पण जातं मधेमधे थांबत होतं ते दिसत होतं.

तिनं पाटीवर मला लिहून दाखवलं, की आजी तळ्याचं पाणी बाटलीत भरून घरी नेते. मी ते येसूला खुणेनं सांगितलं. येसू उठली, रिकामी बाटली घासली आणि आपल्या झऱ्याचं पाणी भरून तिच्या पिशवीत ठेवली. म्हणाली असेल काहीतरी. सारिकानं तिला मिठीच मारली.

माझा महादू दरवर्षी तळ्यावर जायचा. तो वारला, नायतर यंदा तळ्यावर तुम्हाला भेटला असता.

मे महिन्यात खुशाल ये. वाडीतल्या बायकांना बोलतं कर. एक सांगून ठेवतो, तुझी काकी तुला काय सांगणार ते मला आधीच ठाऊक हाय.

तात्या


करंजकोंड,
२२ जून २०२४

चि. अंकी,

तू गेलीस आणि पाऊस लागला. खालच्या शाळेच्या खोलीत रात्री झोपायला जा म्हणून सगळ्यांना सांगणं आलंय. बाकीचे जातात. आम्ही घरीच.

महिनाभर तू घराघरात बसलीस. आमच्याकडं तर येसूला घेऊन स्वयंपाकघराचं दार ओढून बसलीस आणि मी ओट्यावर सुपाऱ्या कातरत. दार उघडलं तेव्हा दोघींचे डोळे लाल. मी समजलो. घर सोडायचं म्हटलं की तिला असंच होतं.

आता माझं काम ऐक. पंधरा ऑगस्टला ग्रामसभा हाय. वाडी हलवायची का नाय, याचा ठराव त्या दिवशी होणार. माझा अर्ज तयार हाय, बऱ्याच जणांच्या सह्या झाल्या. तू एक पान लिहून दे. विद्यापीठाचं नाव वर घाल आणि लिही, की मी सगळ्या बायकांना विचारलं आणि त्यांना वरच राहायचं हाय. तुझी काकी काय म्हणाली ते ठळक लिही. सभेत ओंकार वाचून दाखवील. शिकलेल्या पोरीचा एवढा उपयोग होऊ दे वाडीला.

तात्या


मुंबई,
३० जून २०२४

तात्या,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस ते नुसतं घेऊन बसले. मला हे पान लिहिता येणार नाही.

प्रत्येकीजवळ बसताना मी आधी एक सांगितलं होतं: तुम्ही जे बोलाल ते तुमच्या नावाने मी कुणालाही सांगणार नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही, सरपंचाला नाही. हा आमच्या अभ्यासाचा पहिला नियम. नियम नसता तरी मी शब्द दिलाय. तो ऐकल्यावरच त्या बोलल्या. काकीसुद्धा. तिला मी तोच शब्द दिला, ती माझी काकी असली तरी.

त्यामुळे ती काय म्हणाली ते मी लिहू शकत नाही. 'वर राहायचंय' म्हणाली असं लिहू शकत नाही आणि दुसरं काही म्हणाली असंही नाही.

एकच विचारते. तुम्ही तिला विचारलंत का?

आणि कृपा करून शाळेत झोपायला जा.

अंकिता


करंजकोंड,
९ जुलै २०२४

अंकिता,

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली. मला कान नसतील, डोळे हायत. बायकोच्या मनात काय हाय ते मी विद्यापीठाला विचारायचं काय?

तुला शिकायला पाठवली ती आमच्या घराचं दार आमच्यावरच ओढायला पाठवली नव्हती. पानाची गरज नाय. या पत्राला उत्तर नको.

सहदेव रावजी उतेकर


मुंबई,
१६ जुलै २०२४

तात्या,

उत्तर नको म्हणालात तरी लिहितेय. पूर्ण नाव घालून सही केलीत ती मात्र फार लागली.

मी ललिता मॅडमकडे गेले. म्हटलं, घाटात दरड आली अशी बातमी दिसली की मला वर्गात बसवत नाही, मी शब्द मोडू का? त्या म्हणाल्या, शब्द तुझा आहे, मी काय सांगू? मग मीच विचार केला. मला सांगता येत नाही, पण विचारायचं कसं ते तर सांगता येतं. गेलं वर्षभर मी तेवढंच शिकलेय.

उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारायचा नाही. 'तुला इथंच राहायचंय ना?' असं विचारलं की माणूस मान हलवून मोकळं होतं. मी वर्गात तेच करत होते, तुम्हाला ठाऊक आहे. 'तुला काय वाटतं?' असं विचारायचं आणि गप्प बसायचं. ती उठून कामाला लागेल. लागू दे. चहा टाकेल. टाकू दे. आपण उठायचं नाही. तिला लिहिता येत नाही आणि तुम्हाला ऐकू येत नाही. चहा, गुरं, पाऊस एवढं तुमचं खुणेत भागतं. याला खुणा पुरणार नाहीत. मग तिला म्हणा, दाखव.

तिचं उत्तर तुमच्यासारखंच निघालं तर ग्रामसभेत तुमच्या शेजारी मी स्वतः उभी राहीन. पण विचारा, तात्या.

तुम्ही रागावलात तरी दिवाळीला मी येणार आणि तुमच्याच शेजारी पाट मांडून जेवणार आहे.

तुमचीच,
अंकी


करंजकोंड,
१९ ऑगस्ट २०२४

गो अंके,

तुझं पत्र आलं आणि मी ते फळीवर टाकून दिलं. वाचलं होतं. मनातून जाईना. वाटलं, विचारायला काय जातंय, उत्तर तर ठाऊकच हाय.

पावसानं उघडीप दिली त्या दिवशी येसू चुलीपाशी होती. मी समोर बसलो. तिच्याकडं बोट केलं, वर डोंगराकडं केलं, खाली माळाकडं केलं आणि दोन्ही हात उघडून धरले. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग चहा टाकला. मी चहा प्यालो आणि तिथंच बसून राहिलो. तिनं भांडी घासली, मी बसून. केर काढला, माझ्या भोवतीनं काढला. शेवटी तिनं हात पुसले, कोयता घेतला, छत्री घेतली आणि मला चल म्हणाली. मला वाटलं, गवताला निघाली.

ती थेट माळावर उतरली. आपल्या वाटणीला जो तुकडा दाखवलाय तिथं गवत कमरेएवढं. कोयत्यानं तिनं चौकोन मोकळा केला. ओढ्यातनं तीन दगड आणले आणि मांडले. चूल. मग चार पावलं चालून उगवतीकडं उभी राहिली, हातानं दार ढकलल्यासारखं केलं. मग माझा दंड धरून मला एका जागी नेऊन उभं केलं आणि बसायची खूण केली. माझा ओटा. गो, सगळं घर तिच्या मनात बांधून तयार होतं. मी बसलो.

मग तिनं वर डोंगराकडं बोट केलं आणि आपला तळहात कानावर ठेवला. मला कळेना. तिनं पुन्हा केलं. तळहात जमिनीवर ठेवला, थरथरवला, पुन्हा कानाशी नेला. मग गालाखाली हात घेऊन डोळे मिटले आणि माझ्याकडं बोट केलं. मी झोपतो. मग स्वतःकडं बोट केलं, डोळे टक्क उघडे ठेवले.

तेव्हा कळलं. पाऊस लागला की डोंगर बोलतो. दगड सुटतात, जमीन आतून गुरगुरते. मला काय त्याचं! मी घोरत पडतो. ती माझ्या वाटचंबी ऐकत रात्र काढते. किती पावसाळे काढले असतील तिनं असे? माझ्या कानांचं दुखणं माझ्या एकट्याचं हाय असं मी समजत होतो.

मी तिला साहेब आले होते त्या दिवसाची आठवण दिली, तिच्यासारखा पदर लावून मान हलवून दाखवली. ती हसली आणि रडली. मग बोटानं आभाळ दाखवलं, पाऊस दाखवला आणि पुन्हा तश्शीच मान हलवली. नाय, नाय, आणखी एक पावसाळा नाय. ती डोंगराला नाय म्हणत होती, मी साहेबाला सांगून मोकळा झालो.

त्या दिवसापासून आम्ही शाळेत झोपायला जाऊ लागलो.

ग्रामसभेत मी उभा राहिलो. म्हटलं, आजवर बोललो ते माझं मन होतं, त्याला मी वाडीचं नाव दिलं. अर्ज मागं घेतो. आता बायकांना विचारा. एकजण म्हणाला, त्यांना काय विचारायचं, त्या घरात बोलतीलच; ओंकारनं ते मला पाटीवर लिहून दाखवलं. मी म्हटलं, माझी घरात बोलली ती मला ऐकू आली नाय. तुझे कान चांगले हायत, तुला तरी आली का? तो खाली बसला. मग येसूनं पहिला हात वर केला, तिच्या मागं बाकीच्या. गोदूबाईनं नाय केला. ती म्हणते तिचे धनी इथं गेले, ती इथंच जाणार. तिचं म्हणणंबी ठरावात लिहून घेतलं. तिला पुढं कसं समजवायचं ते मला अजून सुचलेलं नाय. ठराव झाला. वाडी खाली जाणार.

तू मला सांगितलं नाहीस ते बरं केलंस. सांगितलं असतंस तर मी तुझ्याशी भांडत बसलो असतो आणि तिला विचारलंच नसतं. मागच्या पत्रातली सही फाडून टाक.

तुझा,
तात्या


मुंबई,
२ मे २०२५

तात्या आणि काकी,

प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. पास!

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न इंग्रजीत विचारला: या वाडीशी तुमचा संबंध काय? मी इंग्रजीत सुरुवात केली, मध्येच अडले आणि मराठीत म्हटलं, "माझं घर आहे." ते म्हणाले, मग तुम्ही तटस्थ कशा राहिलात? मी म्हटलं, नाही राहिले, आणि कुठे कुठे नाही राहिले ते तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय. त्यांनी ते पान उघडून बराच वेळ वाचलं. त्यांचं म्हणणं, माझं काम फार आतून झालंय, थोडं लांबून बघायला हवं होतं. त्यात तथ्य आहे. गोदूबाईंजवळ मी सगळ्यात कमी बसले, कारण त्यांचं म्हणणं मला आवडत नव्हतं. ललिता मॅडमना ते आधीच दिसलं होतं. गुण चांगले मिळाले, पहिला नंबर नाही. सारिकाचा आला. आम्ही दोघींनी वडापाव खाऊन साजरा केला.

मॅडम म्हणतात, पुढे पीएच.डी. कर. मला आधी पोटभर झोपायचंय.

पाडव्याला तुम्ही नव्या घरात गेलात आणि मला अभ्यासामुळे येता आलं नाही, याची चुटपुट आहे. तात्यांनी लिहिलंय, काकी खुशीत आहे, सगळं उत्तम. पण काकी, ते तुझ्या वतीने बोलतात! तुझं तू सांग. ओंकारदादाच्या पोरीला, सेजलला, लिहायला बसव.

अंकी


करंजकोंड, खालचा माळ,
१२ मे २०२५

गो अंके,

ही मी बोलते हाय आणि सेजल लिहिते हाय. तिला म्हटलं, जशी बोलते तशी लिही, सुधारू नको.

पास झालीस, बरं झालं. आता खा जरा. मागल्या खेपेला हाडं दिसत होती.

घर बरं हाय. दुपारचं तापतं लय. पाणी दारात हाय, गाडी दारात हाय. गुडघ्याला उतार पडला. रात्रीची झोप लागते. पहिले आठ दिवस लागली नाय, एवढं गप्प मला सोसेना. आता लागते. गोदूबाई अजून वरच हाय. मी जाते-येते तिच्याकडं. तिला कुणी चल म्हटलं की ती शिव्या देते. मी चल म्हणत नाय, नुसती बसते. परवा तिनं विचारलं, खाली तुळस कुठं लावलीस? म्हटलं, अजून लावायची हाय, जागा दाखवायला येशील? तिनं उठून आपल्या तुळशीला पाणी घातलं. बघू.

तुझ्या तात्यांचं सांगते. रोज सकाळी काठी घेऊन निघतात. कुठं म्हटलं की हात करतात, गवत बघायला. या उन्हात कसलं आलंय गवत? एक दिवस मी मागनं गेले. आपल्या वरच्या घराच्या ओट्यावर बसले होते. कौलं उतरवली, वासे काढले, भिंती गेल्या, नुसता ओटा राहिलाय. मला बघून चोरी पकडल्यासारखं तोंड झालं.

मी जाऊन शेजारी बसले. समोर सगळा घाट दिसतो गो तिथनं. मलाबी रडू आलं. मीच खाली चल म्हटलं, तरी आलं. सेजलला म्हटलं हे लिहू नको, तर ही लिहितेच हाय. हे माझ्याकडं बघत राहिले. त्यांना वाटलं, मला आता परत वर यायचं हाय. मी मान हलवली. मग नीट कळावं म्हणून त्यांचा हात धरला, दोघांनी मिळून रडून घेतलं आणि पदरानं तोंडं पुसली.

तर आता रोज जाऊन बसतात. मी अडवत नाय. काल मात्र म्हणाले, उद्यापासून भाकरी बांधून दे, न्याहारी वरच करत जाईन. मी म्हटलं, बसायचं तेवढं बसा, न्याहारी घरी.

घरी म्हणताना मी हात केला नाय. वरबी नाय, खालीबी नाय. नुसतं तोंडानं म्हटलं, हे माझ्या ओठांकडं बघत होते. आज सकाळीबी हे वर गेले, बसले. तव्यावरनं पहिली भाकरी उतरली आणि बघते तर दारात उभे, काठी कोपऱ्यात ठेवत होते.

तुझी,
काकी